शहाऐंशीचं पान

बोस्टन,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय शकू,

काल सकाळी चहाचा कप घेऊन बसले आणि फोन उघडला, तर तुझा फोटो. निळा एरोग्राम, घडीच्या रेघांवर फाटत आलेला, आणि त्यावर माझं ते किडामुंगीचं अक्षर. खाली तुझे दोनच शब्द: "ओळख पाहू?"

ओळखलं की. एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं माझंच पाप, न ओळखून जाते कुठे? कपाट आवरताना सापडलं म्हणतेस. तू कपाट आवरतेस यावरच माझा विश्वास नाही, पण ते असो. शेवटच्या दोन ओळींवर लाल पेनने गोल करून पाठवायची मात्र काही गरज नव्हती. 'ह्या बकनरला मी जन्मात माफ करणार नाही. लहान पोरही अडवेल असा चेंडू मेल्याने दोन पायांतून जाऊ दिला.' वाचून कान गरम झाले गं. सत्तरी ओलांडल्यावर आपलीच जुनी पत्रं कुणी अशी समोर ठेवू नयेत.

आणि वर तुझ्या नातवाचे दोन प्रश्न. बकनर कोण, आणि जिच्यात जग खेळतच नाही तिला 'वर्ल्ड सिरीज' कशाला म्हणतात? पोरगा हुशार आहे, तुझ्यावर गेलेला दिसत नाही. याची उत्तरं मी एका बोटाने टाइप करत बसले तर दत्तजयंती उजाडेल. म्हणून कागद काढला. पाय पसरून बस, आणि वाच.

आधी नातवाचं. इथे बेसबॉलच्या दोन लीग. एक जुनी, नॅशनल. एक नवी, अमेरिकन. दोघी सवतींसारख्या भांडायच्या, एकमेकींचे खेळाडू पळवायच्या. १९०३ साली समेट झाला आणि शरद ऋतूत दोघींचे विजेते समोरासमोर आले, बोस्टन आणि पिट्सबर्ग. तेव्हा नऊ मॅचची मालिका होती. आमच्या बोस्टनने ती ५-३ अशी घेतली. आपल्यापलीकडे कुणी हा खेळ आपल्या तोडीने खेळत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं, म्हणून झालं ते 'जगाचं' अजिंक्यपद. 'वर्ल्ड' नावाच्या वर्तमानपत्रावरून हे नाव पडलं अशी एक गोष्ट इथे सांगतात, ती खरी नाही. ते मैदानही आता नाही. तिथे विद्यापीठाच्या इमारती आहेत, आणि त्यांच्यामध्ये सी यंग नावाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, पुतळा होऊन, पुढे वाकून, अजून कॅचरकडे बघतो आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९०४ ला, न्यूयॉर्कच्या जायंट्सनी नव्या लीगशी खेळायला चक्क नकार दिला. सिरीज झालीच नाही. त्यानंतर ती पुन्हा बुडाली एकदाच, १९९४ साली, खेळाडू संपावर गेले तेव्हा. दोन महायुद्धं झाली, तेव्हाही सिरीज झाली. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोला तिसरी मॅच सुरू व्हायच्या बेतात असताना भूकंप झाला, दहा दिवस थांबून तीही पुरी केली. बुडाली ती मानापमानापायी एकदा आणि पैशापायी एकदा. माणसांचंच आहे बघ सगळं.

आता खेळ. तू क्रिकेटवाली, तुला फार सांगायला नको. दोन्ही टीमच्या नऊ-नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगला तीन गडी बाद. चार बेस, चौरस तिरका ठेवल्यासारखे. फलंदाज फिरून परत घरी आला की एक धाव. बरोबरी झाली तर पुढे खेळत राहायचं, निकाल लागेपर्यंत. घड्याळ नाही. २०२३ पासून पिचरपुढे एक घड्याळ लावलंय, पण ते चेंडू लवकर टाकावा म्हणून. मॅच कधी संपायची ते त्याला विचारत नाहीत. शेवटचा गडी बाद होईपर्यंत हरणाऱ्याला आशा आणि जिंकणाऱ्याला धाकधूक, एवढाच या खेळाचा कायदा.

मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक टीम १६२ मॅच खेळते. जवळजवळ रोज. रोजच्या वरणभातासारखी असते ती. आज हरलो, उद्या आहेच. आणि मग ऑक्टोबर उजाडतो. १९६८ पर्यंत सोपं होतं: दोन्ही लीगचे पहिले नंबर सरळ सिरीज खेळायचे. १९६९ पासून मध्ये एक पायरी आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि २०२२ पासून तर १२ टीम या जत्रेत असतात. जुने लोक कुरकुर करतात. मीही करते, आणि मग रात्री एक वाजेपर्यंत बघते. एकेका मालिकेत तीन, पाच, सात मॅच, आणि सहा महिन्यांचा हिशेब कधी कधी एका चेंडूवर. बकनर तिथेच सापडला बिचारा.

पण त्याच्याआधी तुला मेरीबाईंबद्दल सांगायला हवं. पत्रांतून तुला त्या माहीत आहेत, पण त्यांची वही मी तुला कधी नीट दाखवली नाही.

१९७५ च्या सप्टेंबरात मी इथे आले. लाकडी तीन मजली घर, वर आम्ही, खाली घरमालकीण मेरीबाई. आयरिश, साठी उलटलेली, एकटी. हे सकाळी लॅबमध्ये जायचे ते रात्री यायचे. मी खिडकीत बसून रस्ता मोजायची. दसरा गेला, कोजागिरी गेली, चंद्र बघायला माणूस नाही. त्यात तीन दिवस पावसाने झोडपलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाऊस थांबला आणि मेरीबाईंनी खालून छताला झाडूचा दांडा ठोकला. याचा अर्थ 'खाली ये' असा होता हे मला नंतर कळलं. मला वाटलं, माझ्या चालण्याचा आवाज होतोय. घाबरत खाली गेले, तर बाई टीव्हीसमोर, मांडीवर जाड वही, कानामागे पेन्सिल. पावसाने अडलेली मॅच होती ती. सिरीजची सहावी, बोस्टन आणि सिनसिनाटी, २१ ऑक्टोबर.

मला काही म्हणता काही कळत नव्हतं. मी त्यांची वही बघत बसले. शकू, ठिपक्यांची रांगोळी आठवते ना? अगदी तसं. आडव्या ओळीत एकेका फलंदाजाचं नाव, उभ्या रकान्यात इनिंग, आणि प्रत्येक चौकोनात एक बारीक तिरका चौरस. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की बाई चौरसाची एक बाजू ओढायच्या. दुसऱ्यावर पोचला, दुसरी बाजू. घरी परतला की चौरस भरून काळा. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, असं करत उजव्या कोपऱ्यातला ९. चेंडू ज्याच्याकडून ज्याच्याकडे गेला ते आकडे लिहायचे. स्ट्राइकवर बाद झाला की 'के', आणि बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला तर तोच 'के' उलटा. कुणी चूक केली की 'ई' आणि त्याच्या जागेचा आकडा. पंधरा दिवसांत मी ती लिपी शिकले. इंग्रजी बोलायला त्याहून जास्त वेळ लागला.

त्या रात्री बोस्टन ६-३ ने मागे. आठव्या इनिंगला दोन गडी बाद असताना बर्नी कार्बो नावाचा बदली फलंदाज आला आणि तीन धावांचा होमरन मारून गेला. ६-६. मग बारावी इनिंग, मध्यरात्र उलटलेली, आणि कार्लटन फिस्कने चेंडू डाव्या कडेला उंच मारला. चेंडू आत पडतो की बाहेर, कुणाला कळेना. फिस्क पहिल्या बेसकडे उड्या मारत दोन्ही हातांनी चेंडूला 'आत हो, आत हो' करतोय, जसं आपण कॅरमच्या सोंगटीला मान वाकडी करून समजावतो तसं. चेंडू कडेच्या खांबावर आपटला. जिंकले! मेरीबाईंनी आधी चौरस काळा केला, पेन्सिल कानामागे ठेवली, आणि मग मला मिठी मारली. माझ्या अमेरिकेतल्या आयुष्यातली पहिली मिठी ती.

तुला एक गंमत सांगू? फिस्कचे ते हात सगळ्यांना आठवतात. इथे भल्याभल्यांना विचार, ते सांगतील की बोस्टनने ती सिरीज जिंकली. नाही जिंकली! दुसऱ्याच रात्री सातवी मॅच ४-३ ने हरलो. आणि कार्बो तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तो नसता तर फिस्कची बारावी इनिंग कुठून आली असती? मेरीबाईंच्या वहीत मात्र दोघांचे चौरस सारखेच काळे आहेत.

त्यांचे नियम होते. पेनने लिहायचं नाही. मॅच संपेपर्यंत वही मिटायची नाही. आणि वहीत शेरे मारायचे नाहीत. "शिव्या तोंडाने घाल," म्हणायच्या, "वहीत घालू नकोस."

शिव्यांचं कारण भरपूर होतं. बोस्टनने आधीची सिरीज जिंकली होती १९१८ साली. तेव्हा मेरीबाई नऊ वर्षांच्या. वडील फेनवे पार्कमधून मॅच बघून आले ते त्यांना आठवायचं. त्या टीममध्ये बेब रूथ होता. १९१९ संपता संपता मालकाने त्याला एक लाख डॉलरना न्यूयॉर्कच्या यँकीजना विकला. पुढे यँकीजनी सिरीजवर सिरीज जिंकल्या आणि आम्ही १९४६, १९६७, १९७५, प्रत्येक वेळी सातव्या मॅचला हरलो. मग निघाला रूथचा शाप. आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो, इथे मैदानावर. मेरीबाई हसायच्या. त्यांचं म्हणणं, शाप वगैरे काही नाही, आमच्याकडे पिचर कमी पडतात.

आणि आला १९८६ चा ऑक्टोबर. २५ तारीख, शनिवार. दिवाळी आठवड्यावर. मी चिवड्याचा डबा घेऊन खाली. लेक सोफ्यावर झोपलेली. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर मेट्सविरुद्ध सहावी मॅच. आम्ही ३-२ ने पुढे, म्हणजे ही जिंकली की संपलं. दहाव्या इनिंगला आम्ही दोन धावा काढल्या, ५-३. मेट्सचे दोन गडी बाद, बेसवर कुणी नाही. त्यांच्याच मैदानावरच्या फलकावर बोस्टनचं अभिनंदन क्षणभर झळकूनही गेलं. हे शॅम्पेन आणायला वर पळाले. मेरीबाई आता सत्त्याहत्तरच्या. हातात पेन्सिल, ओठ घट्ट.

एक हिट. दुसरी हिट. तिसऱ्या फलंदाजावर दोन स्ट्राइक झालेले, फक्त एक हवा, त्यानेही हिट मारली. ५-४. पिचर बदलला. समोर मूकी विल्सन. त्याच्यावरही दोन स्ट्राइक. आणि पिचरचा एक चेंडू असा भलतीकडे गेला की कॅचरला अडवता आला नाही, तिसऱ्या बेसवरचा धावत घरी. ५-५. त्यानंतर, हे 'त्यानंतर' लक्षात ठेव, विल्सनने एक हळू, सरपटता चेंडू पहिल्या बेसकडे मारला. तिथे बिल बकनर. दोन्ही घोटे कामातून गेलेले, मोठमोठे बूट घालून खेळायचा. वाकला. चेंडू त्याच्या हातमोज्याखालून, दोन पायांतून, मागच्या गवतात. ६-५. संपलं.

मी काय काय ओरडले ते या वयात लिहीत नाही. लेक दचकून उठली. हे बाटली हातात घेऊन दारात उभे. मेरीबाईंनी विल्सनच्या चौकोनात 'ई-३' लिहिलं, रकान्याखाली रेघ मारली, वही मिटली आणि म्हणाल्या, "अजून सातवी आहे." सोमवारी सातवीही हरलो, ८-५, तीही तीन धावांनी पुढे असताना. आणि मंगळवारी मी तुला हा एरोग्राम लिहिला.

कुणाच्या पत्राला उत्तर म्हणून लिहिला, ते आठवतं तुला? एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं होतं, अख्खं चेतन शर्मावर. १८ एप्रिल, शारजा, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार हव्या, चेंडू फुलटॉस पडला आणि मियाँदादने षटकार मारला. तू लिहिलं होतंस की चाळीतले लोक रडत होते आणि शर्माच्या नावाने खडे फोडत होते. पोरगा होता वीस वर्षांचा. त्याच उन्हाळ्यात बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्याने १० बळी घेतले. ते किती जणांना माहीत आहे? तुला दुसऱ्या वर्षी तरी त्याची भरपाई बघायला मिळाली. १९८७ चा वर्ल्ड कप, ३१ ऑक्टोबर, आपलं व्हीसीएचं मैदान. रुदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, ओळीने तिघांच्या दांड्या. वर्ल्ड कपमधली पहिलीच हॅटट्रिक, तीही आपल्या नागपुरात, आणि तू स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडत होतीस. 'फिटलं बावा एकदाचं' असं तू लिहिलं होतंस. पण खरं सांग, आजही त्याचं नाव काढलं की आधी काय आठवतं? शारजाच ना?

बकनरचं तर दुसऱ्या वर्षीही फिटलं नाही. बावीस मोसम खेळला तो. २,७१५ हिट्स. १९८० साली नॅशनल लीगमध्ये सर्वांत चांगली सरासरी त्याची. एवढं सगळं एका सरपटत्या चेंडूखाली गेलं. धमक्या, टोमणे, पोराबाळांसमोर थट्टा. शेवटी घरदार घेऊन दूर आयडाहोत जाऊन राहिला.

मेरीबाई १९९१ ला गेल्या. सतरा वह्या माझ्यासाठी ठेवून. तेव्हापासून पेन्सिल माझ्या कानामागे.

२००४ चं तुला फोनवर तेव्हाच ओरडून सांगितलं होतं, म्हणून थोडक्यात. आदल्या वर्षी सिरीजच्या अलीकडच्या पायरीवर यँकीजशी सातव्या मॅचला अकराव्या इनिंगमध्ये हरलो होतो, ती जखम ओली. २००४ ला त्याच पायरीवर पुन्हा तेच यँकीज, पहिल्या तीन मॅच त्यांच्या. तिसरी तर १९-८. बेसबॉलमध्ये ०-३ वरून कुणी कधी उठलेलं नव्हतं. चौथी मॅच, नववी इनिंग, एका धावेने मागे, समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे मॅच मिटवायला येणारा काळच. डेव्ह रॉबर्ट्स नावाचा बदली धावपटू पहिल्या बेसवर. तो बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणार, हे अख्ख्या मैदानाला माहीत. रिव्हेराने त्याला धरायला तीनदा चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. आणि चौथ्याला पोरगा पळाला, बोटभर अंतराने वाचला. तिथून सगळं फिरलं. बरोबरी, बाराव्या इनिंगला आमच्या ऑर्टिझचा होमरन, पहाटे दीडच्या सुमारास. पाचवी चौदा इनिंगची. मग सहावी, मग सातवी १०-३. सगळं ऐन नवरात्रात. घट बसलेले, अखंड दिवा तेवत होता, म्हणून मी जागीच होते असं मी लोकांना सांगायची. दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सिरीज सुरू. सेंट लुइसला चार मॅचमध्ये उडवलं. शेवटची २७ ऑक्टोबरला. त्या रात्री कोजागिरी, आणि त्यातच खग्रास चंद्रग्रहण! दूध आटवून ठेवलं आणि आजीच्या धाकाने त्यात तुळशीपत्र टाकून झाकून ठेवलं. शेवटचा गडी: चेंडू पिचरच्या हातात आला, त्याने पहिल्या बेसवर हलकेच टाकला. मी लिहिलं '१-३'. अठरा वर्षांपूर्वी ज्या आकड्यापुढे 'ई' लागला होता, तोच ३. हात थरथरत होता, अक्षर वाकडं आलं. ८६ वर्षांचं ग्रहण असं सुटलं. त्या आठवड्यात गावोगावचे लोक कबरींवर वर्तमानपत्रं आणि झेंडे ठेवून येत होते. मी मेरीबाईंकडे त्या पानाची झेरॉक्स घेऊन गेले. मूळ पान फाडलेलं त्यांना चाललं नसतं.

आता ज्यासाठी एवढं लिहीत बसले ते. ८ एप्रिल २००८. बोस्टनने २००७ ची सिरीजही जिंकलेली, मोसमातली फेनवेवरची पहिली मॅच, मी मैदानात होते. मानाचा पहिला चेंडू टाकायला कोण येणार हे कुणाला माहीत नव्हतं. डावीकडच्या त्या उंच हिरव्या भिंतीतून एक पांढऱ्या केसांचा माणूस चालत बाहेर आला. बकनर. अख्खं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. तो डोळे पुसत होता. मीही उभी होते, आणि तुला कबूल करते, टाळ्या वाजवताना मला माझाच मोठेपणा जरा जास्त वाटत होता. बघा, आम्ही माफ केलं! शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तोही फुगा फोडला. म्हणाले, १९९० साली हा पुन्हा बोस्टनकडून खेळायला आला होता, तेव्हाही लोक असेच उभे राहिले होते. मी विसरले होते गं. शिव्या बऱ्या लक्षात राहतात, टाळ्या नाही.

बकनरने चेंडू टाकला, आणि तो झेलायला समोर होता ड्वाइट इव्हान्स, त्याच्याच वेळचा उजव्या कोपऱ्यातला खेळाडू. दोघांनी मिठी मारली. सगळ्यांना गहिवरून आलं. मला मात्र काहीतरी टोचायला लागलं. इव्हान्स, उजवा कोपरा, ९. घरी आल्यावर सँडल न काढता वही काढली. शहाऐंशीचं पान. पाचवी इनिंग. इव्हान्सच्या हातून चेंडू निसटला होता, धावपटूला फुकटचा एक बेस मिळाला, आणि पुढच्याच फलंदाजावर त्याने घरी येऊन बरोबरी केली. 'ई-९'. ती धाव झाली नसती तर दहावी इनिंग तरी आली असती का? आणि बकनरजवळ चेंडू पोचला तेव्हा ५-५ झालेलेच होते. त्याने तो अडवून गडी बाद केला असता तरी आम्ही जिंकलो नव्हतो. नुसती अकरावी इनिंग सुरू झाली असती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं गेलं होतं, आणि बावीस वर्षं मी बकनरला शिव्या देत होते. माफ करायला त्याने माझं केलं काय होतं?

पान लांब धरून बघितलं. मेरीबाईंनी 'ई-९' आणि 'ई-३' एकाच मापाच्या अक्षरात लिहिलेत. मन मोडलेल्या म्हातारीने, अडुसष्ट वर्षं वाट बघून, मध्यरात्री लिहिलेला तो 'ई' शेजारच्या चौकोनातल्या अक्षराहून दाण्याएवढाही मोठा नाही. पेन्सिलीचा दाबसुद्धा तेवढाच.

बकनर २०१९ ला गेला. त्याला पत्र लिहावं असं अनेकदा वाटलं, लिहिलं नाही. म्हणून तुलाच लिहून राहिले.

तुला वाटेल, हे आजच का? एक तर तुझा फोटो. दुसरं म्हणजे गेला शनिवार. टोरांटो आणि लॉस एंजेलिसचे डॉजर्स, सातवी मॅच. तिसरी तर अठरा इनिंग चालली होती, साडेसहा तास! माझी नात टोरांटोत वाढलेली, अकरा वर्षांची. तिच्या टीमने १९९३ नंतर सिरीज जिंकलेली नाही, म्हणजे तिच्या आईच्या शाळेच्या दिवसांपासून. नवव्या इनिंगला ४-३ ने पुढे, दोन गडी बाद करायचे बाकी, आणि डॉजर्सच्या रोहासने होमरन मारला. ४-४. त्याच इनिंगच्या दुसऱ्या भागात टोरांटोचा धावपटू तिसऱ्या बेसवर उभा; चेंडू जमिनीवरून रोहासकडे, त्याने घरी फेकला, आणि धावपटू इंचभराने बाद. अकराव्या इनिंगला हरले, ५-४. डॉजर्सचा मॅनेजर कोण माहीत आहे? तोच डेव्ह रॉबर्ट्स, २००४ चा आमचा बेसचोर. त्याच रात्री इथे घड्याळं एक तास मागे घेतात. टोरांटोच्या लोकांनी ती जरा आणखी मागे, नवव्या इनिंगपर्यंत, नेली असती.

रविवारी नातीचा फोन. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "आजी, तो बेसला चिकटून का उभा राहिला? दोन पावलं पुढे असता तर पोचला असता. मी त्याला कधीच माफ करणार नाही."

मी गप्प. काय बोलणार? उपदेश करावा तर हसू येत होतं. तीन दिवस गेले, आणि काल तुझा फोटो आला, तेच वाक्य, माझ्या अक्षरात. मग संध्याकाळी मेरीबाईंची वही काढली, खिडकीशी उजेडात धरली, शहाऐंशीच्या पानाचा फोटो काढला आणि नातीला पाठवला. ती लिपी तिला मीच शिकवली आहे. बकनरची गोष्ट तिला ऐकून माहीत आहे, बोस्टनच्या आजीची नात ना. खाली लिहिलं, "यात बकनरची ती जगप्रसिद्ध चूक आहे. शोध."

मला वाटलं, अर्ध्या मिनिटात शोधेल. भाजी फोडणीला टाकली, पोळ्या झाल्या, तरी उत्तर नाही. म्हटलं कंटाळली असेल. शेवटी फोन वाजला. दोन बोटांनी पान मोठं करून करून तिने सगळे चौकोन पाहिले होते, दोन्ही टीमचे.

"आजी," तिने लिहिलं होतं, "यात पाच 'ई' आहेत. त्यातली कुठली?"

उत्तर अजून दिलेलं नाही. तुझ्या नातवालाही तो फोटो पाठवते आहे. बघू त्याला सापडते का. आणि तो एरोग्राम फाडू नकोस, पण लाल गोल तेवढा खोडता आला तर बघ.

तुझी,
निमा

ता. क. चेतन शर्मावरचं तुझं एप्रिलचं पत्र माझ्याकडे आहे. मीही कपाट आवरायला काढते आहे.